स्मॅशमधलं सगळ्यात लेचंपेचं कॅरेक्टर कोणतं? (रविवारच्या आत सांगा)

चिंचपोकळीकर (बुधवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगमधले आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट खेळतो. बसतो चौथ्या मजल्यावरच्या मित्राकडे, कारण मोठा टीव्ही त्याच्याकडे आहे आणि त्याच्या आजीला आरडाओरडा चालतो. गेले आठ रविवार तोच जिंकतोय. आता असं ठरलंय की येत्या रविवारी त्याने गेममधलं सगळ्यात कमकुवत कॅरेक्टर घेऊन खेळायचं. तोही लगेच तयार झाला. गाडी अडलीय ती एकाच गोष्टीवर, सगळ्यात कमकुवत कोण?

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे समोरच्याची ताकद संपवायची नसते. प्रत्येक फटक्याने त्याचे टक्के वाढतात आणि टक्के जितके जास्त, तितका तो पुढच्या फटक्याला लांब उडतो. चौकटीबाहेर गेला की एक जीव गेला. त्यामुळे बाहेर फेकल्यावर परत स्टेजवर येता येणं, म्हणजे रिकव्हरी, हा सगळा प्राण.

माझं मत लिटल मॅक. जमिनीवर हा माणूस वाघ आहे. पळतो जोरात, स्मॅश मारताना कोणी मधे फटका दिला तरी हलत नाही आणि मीटर भरला की एका ठोशात समोरच्याचा कारभार आटपतो. पण पाय जमिनीवरून सुटले की हवेतले त्याचे ठोसे म्हणजे डास मारल्यासारखे.

गेल्या रविवारचंच घ्या. मी साठ टक्क्यांवर, समोरचा एकशेतीसच्या पुढे. त्याने मला डाव्या कडेला धरून नुसतं बाहेर टाकलं. लांब नाही, जवळच. मी दुसरी उडी मारली, वर जायचा ठोसा मारला आणि मॅकचा हिरवा ग्लोव्ह कडेच्या बोटभर खाली येऊन थांबला. तिथून तो खाली गेला. एकशेतीसवाला जिवंत आणि साठवाला बाहेर! फार लागतं हो मनाला.

आमच्यातले दोघं म्हणतात गॅननडॉर्फ, एक जण डॉक्टर मारिओवर अडून बसलाय. तुम्ही सांगा.

गच्चीवरचा_पतंग (बुधवार, रात्री १०.५२)

रुमाल टाकून ठेवतो. यावर मला बरंच लिहायचंय, उद्या सवडीने येतो.

स्लो_लोकल (बुधवार, रात्री ११.०५)

लिटल मॅकला +१. विषय संपला.

मुलुंडचा_गॅनन (बुधवार, रात्री ११.३०)

विषय संपला कसा? मी चार वर्षं गॅननडॉर्फच खेळतोय, मला विचारा काय सोसावं लागतं ते.

मॅकला निदान समोरच्यापर्यंत पोचता तरी येतं. गॅननला तेच जमत नाही. चाल संथ, अंग भलंमोठं. सामस किंवा लिंक पलीकडच्या टोकाला उभे राहून गोळे आणि बाण सोडत बसले की मी स्टेजभर ढाल धरून चालत असतो, भर पावसात छत्री धरून चालावं तसा. पोचेपर्यंत पन्नास टक्के झालेले असतात. मग एक फटका बसला की बसला, तो मात्र घणाचा बसतो.

वॉरलॉक पंच माहीत असेल. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो आणि हा ठोसा लागायला ७० फ्रेम जातात. म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात समोरचा सरबत पिऊन येईल.

वजन ११८ आहे, त्यामुळे लवकर मरत नाही हे खरं. पण वजनदार आणि मोठा म्हणजे कॉम्बो, म्हणजे एकामागून एक फटके, खायला सोयीचा. बाहेर फेकला की त्याचा परतीचा रस्ता आंधळ्यालाही ओळखता येतो. २००८ च्या ब्रॉलमध्येही, म्हणजे स्मॅशच्या जुन्या आवृत्तीत, हाच तळाला होता आणि अल्टिमेटमध्ये हातात तलवार दिली तरी मूळ दुखणं गेलं नाही. माझं मत गॅनन, आणि हे मी प्रेमाने सांगतोय.

पार्ल्याची_मीनल (गुरुवार, सकाळी ९.१०)

दोघांचंही बरोबर आहे, पण एक प्रश्न आधी सोडवायला हवा. कमकुवत कोणाच्या हातात?

मी कॉलेजात असताना आमच्या ग्रुपमध्ये सगळे नवीन होतो, तेव्हा गॅनन आणि मॅक घेणारेच जिंकायचे. नवख्या माणसाला समोरच्याला कडेबाहेर कसं अडवायचं ते माहीत नसतं. तो मॅकला जमिनीवरच भेटतो आणि जमिनीवर मॅक ऐकत नाही. ऑनलाइनही तेच. लॅग असला, म्हणजे नेट अडखळत असलं, की समोरचा ठोसा दिसत असतो, आपण ढाल उचलतो, पण ढाल उशिरा उठते. मग गॅननसारखे घणाघाती लोक खूश.

जसजसे खेळणारे चांगले होतात तसतशी ही मंडळी खाली घसरतात. जगभरातल्या स्पर्धांवरून ज्या टियर लिस्ट, म्हणजे कोण वरचा कोण खालचा याच्या याद्या, निघतात त्यात मॅक तळाला आणि गॅनन त्याच्या शेजारीच असतो. तुमचा चॅम्पियन आठ रविवार जिंकतोय म्हणजे त्याला येतं. बाकीच्या पाच जणांना किती येतं यावर तुमचं उत्तर आहे.

चिंचपोकळीकर (गुरुवार, सकाळी ९.४५)

@पार्ल्याची_मीनल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यातल्या दोघांना कडेबाहेर जाऊन मारता येतं. बाकीचे तीन जण कडेवर उभे राहून वाट बघतात. मी त्या तिघांतला.

दादरचे_काका (गुरुवार, दुपारी १.२०)

तुम्हा पोरांचा धागा वाचून जुने दिवस आठवले. माझा चुलतभाऊ दुबईहून निन्टेन्डो ६४ घेऊन आला होता. १९९९ चा पहिला स्मॅश, लढणारे सगळे मिळून बारा. आता ८९ आहेत म्हणतात. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही नऊ जण एका टीव्हीसमोर, आणि वीज गेली की चालू मॅचचा निकाल काय यावर भांडणं.

त्यात किर्बी म्हणजे राजा. फक्त पिकाचू त्याच्या वर. लिंक आणि सामस तळाला. दोन वर्षांनी, २००१ मध्ये 'मेली' नावाचा पुढचा स्मॅश आला आणि त्याच किर्बीचं पार भजं केलं. राजाचा रंक झाला एका आवृत्तीत. माझा भाऊ किर्बीवाला, त्याने आठवडाभर कंट्रोलरला हात लावला नाही.

म्हणून सांगतो, कमकुवत कॅरेक्टर जन्माला येत नाही, बनवणारे तसं ठेवतात. आणि खेळणारे ते वर काढतात. मेलीतला योशी घ्या. वर्षानुवर्षं लोक त्याला मधल्या-खालच्या फळीत धरायचे. जपानचा आम्सा लाल योशी घेऊन अडून बसला आणि २०२२ मध्ये द बिग हाउस १० ही मोठी स्पर्धा जिंकला. त्याआधी २०१९ मध्ये अ‍ॅक्सने पिकाचू घेऊन स्मॅश समिट ८ जिंकली होती.

स्लो_लोकल (गुरुवार, दुपारी १.४०)

काका _/\_

मुलुंडचा_गॅनन (गुरुवार, दुपारी २.१५)

काका, मान्य. पण योशीच्या हातात हत्यारं होती, ती वापरता येणारा माणूस कमी होता. मेलीत त्याची ढाल नेमक्या क्षणाला उचलली तर फटका झटकून टाकते आणि दुसऱ्या उडीत मार खाऊनही तो पुढे जातो. आम्साने खाणीतलं सोनं काढलं. गॅननच्या खाणीत दगडच आहेत, आणि अल्टिमेटमध्ये डिसेंबर २०२१ नंतर ताकदीत काही फेरफारही झालेले नाहीत. आता जे आहे ते आहे.

अँटॉपहिल_१३ (गुरुवार, संध्याकाळी ६.३०)

अवांतर: हा गेम ज्यावर चालतो तो निन्टेन्डो स्विच नसलेल्यांनी काय करायचं? इथे अधिकृत विक्री कधी झालीच नाही, बाहेरून आणलेला घ्यायचा तर परवडायला हवा. आम्ही ब्रॉलहल्ला खेळतो. फुकट आहे, २०२० पासून मोबाइलवरही चालतो. आमच्या क्लासच्या मधल्या सुट्टीत चौघं चार फोनवर.

त्यात प्रत्येकाकडे दोन हत्यारं असतात आणि तीच हत्यारं इतरांकडेही असतात. उड्या सगळ्यांना सारख्या. त्यामुळे अगदीच टाकाऊ असं कोणी नाही. फरक पडतो तो ताकद, चपळाई, बचाव आणि वेग यांच्या आकड्यांनी आणि खास फटक्यांनी. स्मॅशमध्ये एवढी दरी का ठेवली?

पार्ल्याची_मीनल (गुरुवार, संध्याकाळी ७.००)

@अँटॉपहिल_१३, अवांतर अजिबात नाही, नेमका मुद्दा आहे. स्मॅशमधला प्रत्येक जण दुसऱ्या गेममधून आलाय. मॅक पंच-आउटमधून आला. तिथे तो बॉक्सर, रिंगणात उभा राहून लढतो, उडी मारायचा प्रश्नच येत नाही. स्मॅश बनवणाऱ्या साकुराईंच्या टीमने तोच स्वभाव इकडे आणला. बॉक्सर आहे तर जमिनीवर राजा, हवेत पाहुणा. ज्या खेळात निम्मा वेळ हवेत जातो तिथे हे महागात पडणारच. मला तरी तो तसाच आवडतो. सगळ्यांना सारखं करून टाकलं असतं तर मॅक मॅक राहिला नसता.

ठाण्याची_वहिनी (गुरुवार, रात्री ९.५०)

मला यातलं फार कळत नाही, पण घरात काय चालतं ते सांगते. माझ्या सासूबाई, वय ६४, नातवाबरोबर खेळतात. त्या फक्त जिगलीपफ घेतात. "ती टम्म फुगलेली गुलाबी पुरी दे रे" म्हणतात. नातू म्हणाला, आज्जी ती सगळ्यात लेचीपेची आहे, दुसरं घे. त्या ऐकत नाहीत.

एकदा बघत होते. ती पुरी हवेत उड्या मारत मारत लांबवर जाते आणि परत येते, सासूबाई त्यातच रमलेल्या असतात. नातू मारायला जवळ आला की त्या खालचं बटण दाबून तिला झोपवतात. नेम लागला तर नातवाचा माणूस थेट आभाळात. नाही लागला तर ती भर मैदानात घोरत पडते आणि नातू निवांत येऊन मारतो. सासूबाई तेव्हा म्हणतात, "झोपलेल्याला मारू नये रे." तो थांबतो सुद्धा! आठ वर्षांचा आहे.

जिगलीपफ खरंच कमकुवत आहे का?

गच्चीवरचा_पतंग (गुरुवार, रात्री ११.४५)

रुमाल उचलतो.

@ठाण्याची_वहिनी, आधी तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. अल्टिमेटमध्ये जिगलीपफ खालच्या फळीत धरतात. वजन ६८, तिच्याहून हलका फक्त पिचू, ६२. आणि तिची ढाल फुटली तर ती स्वतःच उडून वर निघून जाते, बहुतेक स्टेजवर तिथेच खेळ खलास. पण मेलीत हीच पुरी अव्वल फळीत आहे. हंग्रीबॉक्स नावाचा खेळाडू ती घेऊन २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं जागतिक क्रमवारीत पहिला राहिला. आणि झोपेचा नेम लागणं सोपं नाही, अगदी अंगाला चिकटून असावं लागतं. सासूबाईंचा हात बसलाय.

आता मूळ प्रश्न. माझा मुद्दा एकच, कमकुवतपणा फटक्यात नाही, परतीच्या वाटेत आहे. यादी बघा. मॅक, गॅनन, डॉक्टर मारिओ. तिघंही मारायला जबर. डॉक्टरचा फटका तर साध्या मारिओहून वजनदार, पण पाय संथ आणि वर जायची उडी आखूड. तिघांच्याही बाबतीत समोरच्याला एवढंच करायचं असतं, एकदा बाहेर काढायचं आणि कडेवर उभं राहायचं.

आपण मुंबईकर, आपल्याला हे पटकन कळावं. गाडी सुटताना दाराच्या दांड्याला हात पोचला तर माणूस आत येतो. पोचला नाही तर फलाटावरच. चांगल्या कॅरेक्टरकडे तीन-चार दारं असतात, कुठलं धरणार हे समोरच्याला कळत नाही. मॅककडे एकच दार, तेही अर्धं बंद, आणि त्या दारात शत्रू उभा.

मी याची एक मोजणी घरी केली होती. ट्रेनिंगमध्ये मॅकला कडेपासून थोडं थोडं लांब नेऊन सोडायचं आणि परत येतो का बघायचं. मग तेच गॅननला, तेच डॉक्टरला. गॅनन मॅकपेक्षा बराच लांबून आला. शिवाय त्याच्या वरच्या उडीत समोरचा सापडला तर त्याला धरतो, म्हणजे अडवणाऱ्याला थोडी तरी भीती. मॅकला अडवताना मला भीती वाटत नाही. म्हणून माझं मत मॅक.

@चिंचपोकळीकर, आता तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं. स्टेज आधी ठरवा. फायनल डेस्टिनेशन सपाट आहे, वर उभं राहायला हवेत एकही फळी नाही. तिथे मॅक म्हणजे घरच्या अंगणात. बॅटलफील्डवर तीन फळ्या आहेत. त्यावर चढून बसा, मॅकला वर यावं लागेल आणि वर त्याचे हात बांधलेले. तुमचा चॅम्पियन सपाट स्टेज मागेल, देऊ नका.

मुलुंडचा_गॅनन (शुक्रवार, सकाळी ८.३०)

@गच्चीवरचा_पतंग, तुमची मोजणी मोकळ्या हवेतली आहे. खऱ्या मॅचमध्ये मॅक बाहेर जातच नाही, कारण तो जमिनीवरून हलत नाही. गॅननला तर स्टेजच्या मधोमध उभा असतानाही मार पडतो. कडेपर्यंत जायची गरजच नाही! मी अजूनही गॅननवर ठाम आहे. पण फळ्यांचं पटलं.

दादरचे_काका (शुक्रवार, सकाळी १०.००)

@मुलुंडचा_गॅनन, चार वर्षं तोच धरून बसलात याचं मला कौतुक आहे. माझा भाऊही शेवटी किर्बीकडेच परत गेला.

अँटॉपहिल_१३ (शुक्रवार, दुपारी ४.१०)

रविवारी काय झालं ते नक्की लिहा. इथे क्लासमध्ये पैजा लागल्यात, दोन वडापावच्या.

चिंचपोकळीकर (सोमवार, रात्री १०.१५)

मंडळी, उशीर झाला, माफ करा. सविस्तर लिहितो.

ठरलं ते असं: चॅम्पियनकडे लिटल मॅक, आयटम (मधेच पडणाऱ्या वस्तू) बंद, तीन जीव. आधी पाचही जणांशी एकेक मॅच सपाट स्टेजवर, मग पाचही जणांशी बॅटलफील्डवर. सपाट आम्ही मुद्दाम ठेवला, बघायचंच होतं काय होतं ते.

सपाटवर त्याने पाचातल्या चार जिंकल्या. माझी मॅच तर दोन मिनिटांत उरकली. तो मधोमध उभा, जवळ गेलं की ठोसा, लांब राहिलं की धावून येऊन ठोसा. हरवलं फक्त एकाने, पहिल्या मजल्यावरच्याने, सामस घेऊन. @मुलुंडचा_गॅनन, तुमचं ते छत्रीवालं अगदी डोळ्यांसमोर आलं, फक्त छत्री मॅकच्या हातात होती.

मग बॅटलफील्ड. मी लुइजी घेतला आणि डाव्या फळीवर जाऊन उभा राहिलो. नुसता उभा. चॅम्पियन खाली येरझाऱ्या घालतोय, वर बघतोय. तीन वेळा उडी मारून आला, तिन्ही वेळा मी खाली लाथ घातली. त्याचे टक्के नव्वदच्या पुढे गेल्यावर उजव्या कडेवरून बाहेर फेकला. आणि मग मी, जो कधीच कडेबाहेर जात नाही, तो गेलो. मॅक वर येत होता, त्याचा हिरवा ग्लोव्ह वर होता, मी त्याच्या डोक्यावर उतरलो. आमच्या आरोळीने खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

बॅटलफील्डवर तो पाचातल्या तीन हरला. नऊ रविवारांत पहिल्यांदा.

आजी सगळा वेळ सोफ्यावर बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्या बॉक्सिंगवाल्या पोराला सारखं खाली का ढकलता रे? त्याला वर घ्या की कोणीतरी." चॅम्पियन तिच्याकडे बघून म्हणाला, "तेच तर, आजी." मग चहा आला.

गच्चीवरचा_पतंग (सोमवार, रात्री १०.४०)

वा! कडेबाहेर गेलात, त्यासाठी खास अभिनंदन. एकदा जमलं की पाय आपोआप जातात.

मुलुंडचा_गॅनन (सोमवार, रात्री ११.०५)

सपाट स्टेजवर पाचातल्या चार जिंकणारा सगळ्यात कमकुवत कसा, हे मला कोणीतरी समजावून सांगा. पुढच्या रविवारी त्याच्या हातात गॅनन द्या. तीच माणसं, त्याच दोन स्टेज. मग बोलू.

चिंचपोकळीकर (सोमवार, रात्री ११.२०)

त्याला आत्ताच फोन करून सांगितलं. म्हणाला चालेल, पण सामसवाल्याला आधी खेळवा, नंतर दमायला होतं.